‘स्ट्रॉबेरी स्विचब्लेड’: ठिपक्यांच्या झग्यांमागचा अल्बम

येत्या रविवारी एरंडवण्यात मित्राच्या घरी आमची महिन्याची श्रवणबैठक आहे आणि या वेळी तबकडी निवडायची पाळी माझी आहे. रोझ मॅकडॉवल आणि जिल ब्रायसन या स्कॉटलंडमधल्या दोघींचा १९८५ सालचा एकुलता अल्बम मी निवडला आहे. जोडीचं नाव ‘स्ट्रॉबेरी स्विचब्लेड’ आणि अल्बमचंही तेच. बैठकीतल्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना एक गाणं आठवत होतं आणि ठिपक्याठिपक्यांचे झगे, केसांत फिती-फुलं माळलेल्या दोन मुली. म्हणून तबकडी लावण्याआधी तिची पार्श्वभूमी लिहून ठेवते आहे.

गोष्ट ग्लासगोची. १९७७ च्या सुमारास तिथल्या महापालिकेनं पंक या बंडखोर रॉक संगीताच्या कार्यक्रमांना अडसर घातला, तेव्हा तरुण पोरं शेजारच्या पेझली गावात गाणं ऐकायला जायची. जिल आणि रोझ याच वर्तुळातल्या. जिल ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होती; रोझ नवऱ्याबरोबर ‘द पोएम्स’ नावाच्या बँडमध्ये होती. ‘ऑरेंज ज्यूस’ या बँडचा गिटारवादक जेम्स कर्क यानं स्वतःच्या एका हस्तलिखित वजा मासिकासाठी ‘स्ट्रॉबेरी स्विचब्लेड’ हे नाव योजून ठेवलं होतं, ते त्यानं या मुलींना देऊन टाकलं. स्ट्रॉबेरी आणि खटक्याचा चाकू! या नावात अल्बमचं सगळं मर्म आधीच येऊन बसलं आहे असं मला वाटतं. गोड चव आणि आत पातं.

१९८१ मध्ये त्या चौघी होत्या. बास जॅनिस गुडलेट वाजवायची, ड्रम कॅरोल मॅकगोवन. पुढच्याच वर्षी बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. मग दोघी गळल्या आणि दोघी उरल्या. हे वळण महत्त्वाचं आहे. ड्रम आणि बास वाजवायला माणूस नाही, हातात दोन गिटार आणि दोन गळे: पुढे यंत्रांची साथ आली तिची सोय इथूनच झाली.

व्यवस्थापक मिळाले ते लिव्हरपूलचे बिल ड्रमंड आणि डेव्हिड बाल्फ. ड्रमंड पुढे ‘केएलएफ’ या नृत्यसंगीताच्या जोडीमुळे जगभर गाजले. १९८३ मध्ये ‘ट्रीज अँड फ्लॉवर्स’ ही पहिली सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली छोटी तबकडी) आली, ‘एको अँड द बनीमेन’ या बँडच्या विल सार्जंटच्या छोट्याशा ध्वनिमुद्रिका-लेबलवर. गिटारला रॉडी फ्रेम, बासला ‘मॅडनेस’ बँडचा मार्क बेडफर्ड, आणि केट सेंट जॉनचा ओबो. ओबो हे आपल्या सनईच्या कुळातलं, दुहेरी जिभेचं वाद्य. त्या गाण्यात ते दूरच्या घरातून ऐकू यावं तसं वाजतं. नावावरून वाटतं, बागेचं गाणं असेल. प्रत्यक्षात गाणारी म्हणते की तिला झाडं नकोत, फुलं नकोत. जिलला अ‍ॅगोराफोबिया होता, घराबाहेर मोकळ्या जागी जाण्याचं भय. ते भय तिनं लाघवी चालीत बसवलं.

यानंतर ‘कोरोव्हा’ या लेबलशी करार झाला. मागे वॉर्नर या बड्या कंपनीचं बळ होतं, आणि निर्माता म्हणून डेव्हिड मोशन आले (‘ऑर्लँडो’ चित्रपटाच्या संगीतात पुढे त्यांचा वाटा होता). मोशन यांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर यांची चकचकीत, घट्ट चौकट उभी केली. ‘सिन्स यस्टर्डे’ सुरू होतं ते फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या पाचव्या सिंफनीतल्या शेवटच्या भागातल्या हॉर्नच्या सुरावटीनं. १९१५ च्या एप्रिलमध्ये सिबेलियसनं सोळा हंस उडताना पाहिले आणि त्या सुरावटीचा संबंध त्यानं त्यांच्याशी जोडला. इथे तीच सुरावट सिंथेसायझरवर तुतारीसारखी फुंकली जाते आणि लगेच रोझ गाऊ लागते: दोघं एकटे बसले आहेत, पुढे जायला कारण शोधताहेत, आणि हाती उरल्या आहेत फक्त कालच्या आठवणी. हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

जुन्या चाहत्यांची तक्रार अशी की यंत्रांनी गाण्यांचा जीव घेतला. १९८२ ची साधी, थरथरती रूपंच खरी. मी दोन्ही ऐकली आहेत आणि मला ही तक्रार पटत नाही. साधी रूपं सुंदर आहेतच. पण भीती मऊ गिटारवर गायली की ती नुसती हळवी वाटते. तीच भीती न थकणाऱ्या, न थांबणाऱ्या ठेक्यावर ठेवली की गाणारीला थांबायला जागाच उरत नाही, आणि मग ती जास्त लागते. ‘लिटल रिव्हर’ आणि ‘१० जेम्स ऑर स्ट्रीट’ ऐकताना हे नीट कळतं. मुख्य आवाज रोझचा, सरळ आणि थोडा बालिश. जिलचा आवाज तिच्या शेजारून चालतो, कधी वरून, कधी खालून.

दोघींचं असं गाणं आपल्याला नवं नाही. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसल्या की एक ओवी उचलते, दुसरी ती झेलते. चाल गोड असते, आणि शब्दांत सासरचा जाच, दारिद्र्य, पोर गेल्याचं दुःख. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात मावळ-मुळशीच्या खेड्यांतून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्या लाखाहून अधिक झाल्या. ग्लासगोच्या मुलींना त्याचा गंधही नव्हता, मी काही नातं जोडत नाही. एवढंच, की गोड चालीमुळे आतलं दुःख हलकं ठरवण्याची चूक मुळशीच्या बायकांचं ऐकलेल्या माणसानं तरी करू नये.

ही चूक तिकडे झाली. १९८५ च्या वसंतात अल्बम आला, यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत पोचला आणि उतरला. ‘सिन्स यस्टर्डे’नंतरची सिंगल ‘लेट हर गो’ ५९ वर थांबली, ‘हू नोज व्हॉट लव्ह इज?’ ८४ वर. मग अमेरिकन गायिका डॉली पार्टन यांचं ‘जोलीन’ गाऊन पाहिलं, ते ५३ वर. छायाचित्रं मात्र सगळीकडे झळकली, जपानमध्ये तर फारच. लोकांनी वेष पाहिला आणि गाणी म्हणजे त्या वेषाचीच झालर असं धरलं. ज्या मुलीला घराबाहेर पडणंच कठीण, तिच्या वाट्याला मुलाखती, प्रवास आणि टीव्हीचे कॅमेरे आले. दोघींमधला ताण वाढला आणि १९८६ च्या सुरुवातीला जोडी फुटली. दुसरा अल्बम झालाच नाही. रोझ पुढे ‘करंट ९३’, ‘कॉइल’ अशा अंधाऱ्या वाटेच्या मंडळींबरोबर गायली; जिल चित्रकलेकडे वळली.

२०१७ मध्ये ग्लासगोच्याच ‘नाइट स्कूल रेकॉर्ड्स’नं चौघींच्या काळातले १९८२ चे डेमो (कच्ची, नमुन्याची ध्वनिमुद्रणं) प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या विसरलेल्या मुलींच्या बँडवर एक माहितीपट आला; त्याचं नावच ‘सिन्स यस्टर्डे’ आहे. ते गाणं विसरलं गेलं नाही, त्याच्या मागची उरलेली गाणी विसरली गेली.

म्हणून रविवारी ‘सिन्स यस्टर्डे’नं सुरुवात करायची नाही. आधी १९८२ चे डेमो, मग ‘ट्रीज अँड फ्लॉवर्स’, कारण ते मूळ अल्बमवर नाही. त्यानंतर तबकडीची दुसरी बाजू, ‘बीइंग कोल्ड’पर्यंत. मग चहा. पहिली बाजू चहानंतर, आणि सिबेलियसचे हॉर्न तेव्हा.