मृतांचं वय म्हणजे चालकाचं वय नव्हे

‘अपघातात मरणारे तीनात दोन जण १८ ते ४५ वयाचे, म्हणजे चूक पोरांचीच’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकडा खरा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ६६ टक्के याच वयाची. पण हे वय मेलेल्यांचं आहे, धडक देणाऱ्याचं नाही! त्यात मागच्या सीटवर बसलेली बाई आहे, पायी कामावर निघालेला मजूर आहे. त्याच वर्षी ३२ हजारांहून जास्त पादचारी मेले. त्यांच्या हातात कुठलं स्टिअरिंग होतं?

नवख्या चालकाला धोका जास्त असतो, हे मान्यच. पण अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद आहे, आणि वेग काही वय पाहून चढत नाही. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक त्या एका वर्षात गेले. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हा आकडा. म्हाताऱ्यांचं गणित तर निराळंच: तोच मार तरुण सोसतो, सत्तरीतलं शरीर सोसत नाही. त्यामुळे ज्येष्ठांमधले मृत्यू मोजून त्यांना वाईट चालक ठरवणंही तितकंच चूक.