लाल फुलीपेक्षा बुबुळ कामाचं

शाळेच्या भिंतीवर हमखास दिसणारं चित्र: मळक्या हातांनी खिचडी खाणारा मुलगा आणि त्याच्यावर ठसठशीत लाल फुली. काढणाऱ्याला म्हणायचं असतं, असं करू नका. बालवाडीतल्या पोराला मात्र आधी दिसतो मजेत जेवणारा मुलगा. हात, ताट, तोंड त्याला सहज ओळखता येतं. फुली म्हणजे नकार, हे शिकावं लागतं. भाषेत ‘नको’ आहे, चित्रात तसं काहीच नाही.

तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोष्ट ऐकल्यावर मुलं खोटं बोलतात का, हे त्यात पाहिलं होतं. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून काही फरक पडला नाही. झाड तोडल्याचं कबूल करून शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीत खोटेपणाचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा हा फायदा दिसला नाही.

म्हणजे चुकीची भीती नाही, चांगल्याचं उदाहरण कामी येतं. म्हणून फुली काढून टाका आणि जेवणाआधी हात धुवायला निघालेला मुलगा काढा. चित्रात नळही हवा, ताटही हवं आणि मधे मुलगा. तो नळाकडे निघालाय हे कशाने दाखवायचं? बाण नको, डोळे पुरेत.

माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग ठळक दिसतो. चिंपांझीचा सहसा गडद असतो. त्यामुळे आपली नजर कुठे वळली, हे समोरच्याला लांबून कळतं आणि त्याचीही नजर तिकडेच जाते. यासाठी खरा चेहराही लागत नाही. १९९८ च्या एका प्रयोगात एका वर्तुळात दोन डोळे, नाक आणि तोंड एवढंच काढलं होतं. ‘या नजरेवरून काही ठरवू नका’ असं बजावूनही, बुबुळं जिकडे वळली तिकडची खूण लोकांनी लवकर टिपली. हा परिणाम सुमारे एक दशांश सेकंदात दिसला. (‘मेंदू चित्र साठ हजार पट वेगाने वाचतो’ हा प्रशिक्षणांत फिरणारा आकडा मात्र कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही.)

आता मापं. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा दिसतो. सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकावरून तो होतो पावणेदोन मिलिमीटर. नजर कळायला पांढरा भाग त्याच्या चार-पाच पट तरी हवा. म्हणून डोळा १५ मिलिमीटर रुंद काढा, बुबुळ ७ चं, आणि ते थेट कोपऱ्याला टेकवा. दुसऱ्या बाजूला ८ मिलिमीटर पांढरं उरतं. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. या हिशेबाने पूर्ण मुलगा पन्नास-साठ सेंटिमीटरचा होईल आणि तक्त्यावर नळाला जागाच राहणार नाही. मुलगा कमरेपर्यंतच काढा.

छपाईत घात होतो तो तपकिरी बुबुळाने. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये तपकिरी रंग दोन-तीन प्लेटांतून तयार होतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे या प्लेटांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, अर्धा मिलिमीटर सरकलं की पापणीची काळी रेघ जागेवर राहते आणि बुबुळ हलतं. तक्त्यावर हे चालून जातं. पुस्तिकेतल्या तीन मिलिमीटरच्या डोळ्यात मुलगा चकणा दिसतो किंवा ताटाकडे पाहू लागतो. पापणी आणि बुबुळ दोन्ही निव्वळ काळ्या शाईत ठेवा. सरकली तरी जोडीनेच सरकतील.

सोलापुरात आणखी एक अडचण. इथल्या वर्गात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं असतात, म्हणून मजकूर कमी ठेवून तीन चौकटींची चित्रपट्टी करतात: नळ, टॉवेल, ताट. उर्दू माध्यमाच्या शाळेत तीच पट्टी उजवीकडून वाचली जाते आणि मुलगा आधी जेवून मग हात धुतो! यावर घाईचा उपाय म्हणजे संगणकावर अख्खं चित्र उलटवणं. क्रम सुधारतो, पण मुलगा डाव्या हाताने जेवू लागतो, आणि वर्गात चर्चा हात धुण्याची न होता त्या डाव्या हाताचीच होते. चौकटी वरून खाली लावा. चारही भाषांत वाचन वरूनच सुरू होतं.