गोत्र आणि देवक: बायोडाटातले दोन शेजारी रकाने

लग्नाच्या बायोडाटात 'गोत्र' आणि 'देवक' एकाखाली एक येतात, आणि ठाणे-नवी मुंबईत वाढलेली मुलं दोन्ही रकाने एका दमात भरून टाकतात. गोत्र काश्यप, देवक पंचपल्लव, पुढे रास, नाडी, उंची. दोन्ही गोष्टी बापाकडून येतात आणि दोन्ही जुळल्या तर जुनी माणसं लग्नाला नको म्हणतात, त्यामुळे एकीला दुसरीचंच नाव समजणं साहजिक आहे. पण मराठा घरांत तरी या दोघांतला एकच रकाना तुमच्या कुळाबद्दल भरवशाचं काही सांगतो, आणि तो गोत्राचा नव्हे.

गोत्र म्हणजे ऋषीच्या नावाने सांगायची वंशपरंपरा. विश्वामित्र, जमदग्नी, भरद्वाज, गौतम, अत्री, वसिष्ठ, कश्यप हे सात आणि आठवे अगस्त्य, यांच्यापासून गोत्रं निघाली असं धर्मशास्त्र मानतं. गोत्राला जोडून प्रवर असतात, म्हणजे त्या परंपरेतल्या आणखी काही ऋषींची नावं. चित्पावनांत 14 गोत्रं आहेत आणि सगोत्र-सप्रवर विवाह टाळण्याची रीत त्या घरांत पिढ्यानपिढ्या पाळली गेली. तिथे गोत्राला खरोखर वजन होतं.

इतरांचं काय? याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने स्पष्ट म्हटलंय, की क्षत्रिय आणि वैश्यांना स्वतःचं गोत्र नसतं. त्यांनी पुरोहिताचं गोत्र घ्यावं. थोडक्यात, ज्या भटजींनी तुमच्या पणजोबांच्या घरी पूजा सांगितली, त्यांचं गोत्र तुमच्याकडे आलेलं असू शकतं. शिवाय गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, असा प्रघात आहेच. सत्यनारायणाच्या संकल्पात भटजी विचारतात, यजमान आईकडे बघतो, आई भटजींकडे बघते, आणि काश्यप ठरतं! म्हणून कोपरखैरण्यात राहणारं पाटणकडचं एक माथाडी कुटुंब आणि घणसोलीतलं जावळीकडचं दुसरं, दोघंही काश्यप निघाली तर त्यावरून रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. एवढ्यावरून चांगलं स्थळ नाकारणं मला तरी वेडेपणा वाटतो.

देवकाची गोष्ट वेगळी. ते ऋषीचं नाव नव्हे, वस्तू आहे: झाड, पान, फूल, पीस, शंख, कधी हत्यार. कदमांचं कळंब, मोऱ्यांचं मोरपीस, काही पवारांकडे तलवारीची धार. गोत्र संकल्पात उच्चारायचं असतं. देवक आणायचं, बसवायचं आणि पुजायचं असतं. लग्नाआधी मारुतीच्या देवळातून ते वाजतगाजत मांडवात येतं. नवऱ्याकडे त्यांचं, नवरीकडे त्यांचं. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या कुळाचं देवक मानते. जुन्या घरांत देवकाचं झाड तोडत नाहीत, त्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत. हे कुठल्या पुरोहिताकडून उसनं घेतलेलं नाही. एक देवक म्हणजे एक रक्त, ही त्यामागची समजूत. म्हणून त्या घरांतली मुलं-मुली भाऊबहीण.

आडनावापेक्षाही देवक कामाचं. जाधव, शिंदे, मोरे, पवार ही आडनावं अनेक जातींत आणि असंख्य गावांत पसरलीत. आडनाव एक आणि देवक वेगळं असेल, तर भावकी वेगळी असण्याची शक्यता मोठी.

तरी देवकालाही मर्यादा आहे, आणि तिचं नाव पंचपल्लव. पाच झाडांच्या डहाळ्यांचं हे देवक इतक्या कुळांत आहे, की ते जुळलं म्हणून लग्न मोडायचं ठरवलं तर निम्मी स्थळं बाद व्हायची. भोसल्यांचंही तेच सांगतात. वड, पिंपळ, उंबर, आंबा ही नावं बहुतेक ठिकाणी ऐकू येतात, पाचव्यावर घराघरात वाद. अशा वेळी शहाणी माणसं कूळ, मूळ गाव आणि कुलदैवत विचारतात. ठाण्याच्या बाजारात, जांभळीनाक्यावर डहाळ्या घ्यायला जाणाऱ्याने आपली पाच झाडं गावच्या चुलत्यांना आधी विचारून घ्यावीत. दुकानदार देईल ती जुडी पूजेची असते, तुमच्या कुळाची असेलच असं नाही.

ठाण्यात आंतरजातीय लग्नं ठरतात तेव्हा आणखी एक घोळ होतो. ब्राह्मण घरांतही लग्नाआधी 'देवक बसवतात', पण तिथे तो मातृकांच्या, म्हणजे मातृदेवतांच्या, आणि इतर देवतांच्या स्थापनेचा विधी असतो. त्यामुळे "तुमचं देवक कोणतं?" या प्रश्नाला त्या घरातून "आदल्या दिवशी सकाळी" असं उत्तर आलं तर चमकून जाऊ नका.

कायद्याला दोन्ही रकान्यांशी देणंघेणं नाही. सगोत्र लग्नाची अडचण 1946 च्या कायद्याने दूर केली आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही गोत्र किंवा देवक हा अडथळा नाही. तो पाहतो सपिंड नातं: स्वतःपासून मोजून वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. गंमत इथेच आहे. मामाच्या मुलीचं गोत्र बहुधा वेगळं, देवकही वेगळं, म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत तिच्याशी लग्न हक्काचं मानलं गेलं. कायद्याच्या हिशेबात मात्र ती सपिंडात बसते, आणि ते लग्न टिकतं ते केवळ दोन्हीकडच्या रूढीला मुभा ठेवली आहे म्हणून. मावशीच्या मुलीचंही गोत्र-देवक वेगळं असू शकतं, पण तिला कोणी स्थळ म्हणून सुचवून पाहावं. घरातली बाईमाणसं रकाने उघडूही देणार नाहीत.