भेगाळलेल्या खडकातील उष्णता, पाणी आणि ताण : एकत्रित गणिताची पार्श्वभूमी

अखंड ग्रॅनाइटमधून पाणी जवळजवळ वाहतच नाही; ते वाहते खडकातील भेगांतून, आणि गुळगुळीत समांतर भिंतींच्या भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे भेग अर्धी मिटली की प्रवाह एक-अष्टमांशावर येतो. आता हाच खडक तापवला तर काय होईल ते पाहावे. एक मीटर लांबीचा ग्रॅनाइट 80 अंशांनी तापला आणि त्याला मोकळेपणी वाढू दिले, तर तो साधारण सहा-दशांश मिलिमीटर लांबतो, तर खोलवरच्या पुष्कळ भेगांची रुंदी एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. जमिनीखाली खडकाला मोकळेपणी वाढता येत नाही, त्यामुळे ताण वाढतो आणि भेगा दबतात, काही ठिकाणी त्या घसरून उघडतातही. शिवाय 20 अंशांवरचे पाणी 90 अंशांपर्यंत तापले की त्याची चिकटता सुमारे एक-तृतीयांश उरते. उष्णता, जलप्रवाह आणि ताण ही तीन गणिते वेगवेगळी सोडवून मग बेरीज करणे अशा खडकात चालत नाही. हे मान्य व्हायला मात्र विसाव्या शतकाचा बराचसा भाग गेला, आणि ते मान्य करायला भाग पाडले प्रत्यक्ष जागेवरच्या घटनांनी.

पाया घातला गेला तो मातीच्या अभ्यासात. मृदा-अभियंते कार्ल तेर्झागी यांनी 1920च्या दशकात दाखवून दिले की मातीवर येणाऱ्या एकूण भारातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केल्यावर जो ताण उरतो, तोच तिचे आकुंचन आणि मजबुती ठरवतो. मॉरिस बियो यांनी 1941 मध्ये या कल्पनेला त्रिमितीय गणिताचे रूप दिले. त्या गणितात माध्यम सलग सच्छिद्र मानलेले होते. भेगाही नव्हत्या आणि उष्णताही नव्हती.

भेगांचा प्रश्न ऐरणीवर आणला फ्रान्समधील मालपासे धरणाने. 2 डिसेंबर 1959 रोजी, जलाशय पहिल्यांदाच पूर्ण भरत आला असताना, हे पातळ कमानी धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. नंतरच्या तपासात जे स्पष्टीकरण पुढे आले, ते आजही काळजीपूर्वक वाचावे असे आहे. धरणाच्या रेट्याने डाव्या काठावरचा नाइस नावाचा पट्टेदार खडक दाबला गेला, त्यातल्या बारीक भेगा मिटल्या, आणि खडकाच्या आतच पाण्याला अडवणारा एक पडदा तयार झाला. त्यामागे साचलेल्या दाबाने खडकाचा मोठा तुकडा उचलून सरकवला. ताणामुळे पारगम्यता, म्हणजे खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता, बदलली आणि पारगम्यता बदलल्यामुळे ताण, हे चक्र त्या काळच्या आराखड्यांत कुठेच मांडलेले नव्हते.

पुढच्या दशकात भूकंपांनी हाच धडा दिला. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून सुमारे 3.7 किलोमीटर खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडले जाऊ लागले आणि परिसरात धक्के सुरू झाले. 1966 मध्ये ते बंद केल्यावरही सर्वांत मोठे धक्के 1967 मध्ये बसले. दाब भेगांतून सावकाश पसरतो, म्हणून परिणाम उशिरा दिसतो. त्याच वर्षी 11 डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे कोयनेचा 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणाचा जलाशय शिवाजीसागर 1962 पासून भरू लागला होता, आणि पावसाळ्यात जलाशय भरल्यावर व पुढे तो उतरत असताना तेथील भूकंपांची संख्या वाढलेली दिसते. त्यामागचा खडक प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विंधणविवर घेण्यात आले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर ग्रॅनाइटी खडक लागला.

उष्णता या गणितात आली ती अणुकचऱ्यामुळे. तापलेला कचरा हजारो वर्षे खडकात ठेवायचा, तर आसपासच्या भेगांतले पाणी कसे वागेल हे सांगता आले पाहिजे. स्वीडनमधील स्ट्रिपा ही लोखंडाची खाण 1976 मध्ये बंद झाली, आणि त्यानंतर लवकरच स्वीडन व अमेरिकेच्या संशोधकांनी तिथे सुमारे 340 मीटर खोलीवर ग्रॅनाइटमध्ये विजेचे तापक बसवले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. तापमानाचे अंदाज साध्या उष्णतावहनाच्या सूत्रांनी बरोबर आले. भेगांचा त्यावर फारसा परिणाम झाला नाही. पण खडकाची हालचाल मात्र अंदाजापेक्षा बरीच कमी भरली, कारण प्रसरणाचा काही भाग भेगांनी मिटता मिटता गिळला होता. प्रयोगशाळेतल्या मुठीएवढ्या नमुन्यावर मोजलेले गुणधर्म अख्ख्या खडकाला लावता येत नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे आधी दिसले नव्हते. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे एक किलोमीटर खोलीवर खडक तापवण्याचा प्रयोग केला.

तिन्ही प्रक्रिया भेगांसह एकत्र सोडवणारी संगणकीय प्रारूपे 1980च्या दशकात, मुख्यतः अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत, आकाराला आली. अडचण केवळ समीकरणांच्या संख्येची नव्हती. ताणातला बदल जवळजवळ लगेच पोहोचतो, पाण्याच्या दाबाला दिवस किंवा महिने लागतात, आणि उष्णतेला ग्रॅनाइटमध्ये दहा मीटर आत शिरायला काही वर्षे. या तिन्ही वेळा एकाच गणनेत सांभाळाव्या लागतात.

वेगवेगळ्या गटांची प्रारूपे एकाच प्रश्नावर पारखता यावीत म्हणून स्वीडनच्या अणुनियामक संस्थेच्या पुढाकाराने 1992 मध्ये डेकोव्हॅलेक्स हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि तो टप्प्याटप्प्याने आजही चालू आहे. नेवाडातील युक्का माउंटनमध्ये 1997 च्या डिसेंबरपासून चार वर्षे तापवलेला बोगदा आणि स्वित्झर्लंडमधील ग्रिमझेल येथे त्याच वर्षी सुरू होऊन 2015 मध्ये उकललेला, तापकांभोवती चिकणमाती भरून केलेला फेबेक्स प्रयोग, या दोन्हींच्या मोजमापांवर तिथे गणिते तपासली गेली. तापमानाचे अंदाज सहसा जुळतात, ताण आणि पाण्याचे त्यामानाने कमी, आणि एखादी विशिष्ट भेग नेमकी किती मिटेल वा सरकेल हे सांगणे अजूनही सर्वांत अवघड राहिले आहे.