अटॅक बंद झाले, पण एस.टी.त बसता का?

‘तीन महिन्यांत एकही अटॅक नाही, आबा बरे झाले!’ अमळनेरला घरात सगळे खूश. श्रेय भगताच्या उताऱ्याला. गेल्या मे महिन्यात धुळ्याच्या खचाखच भरलेल्या एस.टी.त आबांची छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, ‘मना जीव जाई राहिना’ म्हणत ते मधेच उतरले. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी निदान केलं पॅनिक डिसऑर्डरचं, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे अटॅक येण्याच्या आजाराचं.

पण त्या तीन महिन्यांत आबा एस.टी.त चढलेच नव्हते. ओट्यापलीकडे जात नव्हते. धडधड होते म्हणून गच्चीचा जिनाही सोडलेला. अटॅक शून्य, आणि आजार जागच्या जागी!

म्हणून १९९७ साली प्रसिद्ध झालेली पॅनिकची मोजपट्टी मला फार आवडते. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २८; गुण जास्त, तितका आजार जास्त. अटॅक किती आले, हा त्यातला फक्त एक प्रश्न. बाकीचे विचारतात: अटॅकच्या वेळी त्रास किती, पुढचा येईल ही धास्ती किती, कुठे जाणं टाळता, धाप किंवा धडधड होईल अशी कामं टाळता का, नोकरी-धंदा आणि लोकांत मिसळणं किती बिघडलं. आबांचे गुण भरले १४.

संवादातून होणारा उपचार, म्हणजे सीबीटी, नेमका इथेच हात घालतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की माणूस साध्या धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्या भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड भीतीला पुरावा वाटते. म्हणून थेरपिस्टने आबांना मुद्दाम जिना भरभर चढायला लावला. धडधड झाली, आणि आपोआप ओसरली.

सहा आठवड्यांनी गुण ११. सुधारणा म्हणायची? थांबा. धान्याचं तेच पोतं काट्यावर दोनदा ठेवलं तरी आकडा थोडा हलतो, तसाच हाही हलतो. जेकबसन आणि ट्रुआक्स या संशोधकांनी १९९१ मध्ये त्यासाठी हिशेब दिला. समजा, रुग्णांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ५ आणि मोजपट्टीची विश्वासार्हता ०.८ (१ म्हणजे बिनचूक). मग एका मोजणीतली चूक ५ × √(१ − ०.८), म्हणजे २.२४, दोन मोजण्यांतल्या फरकाची चूक त्याच्या √२ पट, ३.१६, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणलं की ६.२. गुण त्याहून जास्त उतरले, तरच बदल खरा धरायचा. तीन गुण पुरत नाहीत.

शिवाय माणूस उपचाराला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. तिथून थोडी उतरण बहुधा आपसूकच येते, आणि भगत ती आपल्या नावावर खपवतो. म्हणून तर संशोधनात उपचाराची वाट पाहणाऱ्यांचा वेगळा गट ठेवून त्यांचेही गुण मोजतात.

बारा आठवड्यांनी आबांचे गुण ६ आले. आठने उतरले. वाढला तो एकच रकाना, अटॅकचा, ० वरून १. कारण आबा पुन्हा धुळ्याच्या एस.टी.त बसले, वाटेत अटॅक आला, आणि ते उतरले थेट धुळे स्टँडवर.