डेमोक्रॅटिक पार्टीचा डेलिगेट व्हायचंय? फॉर्म सोपाय, गाडी अडते दुसरीकडेच

डेलिगेट म्हणजे पार्टीच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला मत देणारा प्रतिनिधी. तो कसं व्हायचं, हा प्रश्न अमेरिकेत दर चार वर्षांनी आपल्या मराठी ग्रुपांवर येतोच, आणि दर वेळी त्याच दोन-तीन कारणांनी लोकांची नावं उडतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक गैरसमज. सुपरडेलिगेटसाठी अर्ज नसतो हो! ते खासदार, गव्हर्नर, पार्टीच्या राष्ट्रीय समितीचे मेंबर असे लोक, खुर्चीबरोबर मत मिळतं. २०१६ ला सँडर्स-क्लिंटनच्या उमेदवारीच्या लढतीवेळी यावरून एवढा गदारोळ झाला की २०१८ च्या ऑगस्टमध्ये पार्टीने नियम बदलला. पण "सुपरडेलिगेट रद्द झाले" हे जे लोक फॉरवर्ड करतात ते चूक आहे, ते आहेतच, फक्त अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत त्यांना मत नाही, पण एखाद्या उमेदवाराकडे साध्या डेलिगेट्सच्या जोरावर बहुमत आधीच असेल तर आहे. २०२० ला साधे डेलिगेट ३,९७९ होते आणि सुपर ७७१. आपण अर्ज करायचा तो साध्यासाठी.

पात्रता म्हणजे नागरिकत्व. ग्रीनकार्डवाल्यांनी कृपया ऐका, लायसन्स काढताना खिडकीवरची बाई विचारते "मतदार नोंदणी करायची का" आणि आपण सवयीने हो म्हणून टाकतो, तसं करू नका, नागरिक नसताना मतदार म्हणून नाव लागलं तर पुढे सिटिझनशिप अडकते, डिपोर्टेशनपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

आता खरी अडचण, पार्टी नोंदणी. नुसतं मतदार असून भागत नाही, ज्या राज्यात पार्टी नोंदवावी लागते तिथे तुमच्या नावापुढे डेमोक्रॅट लिहिलेलं हवं. कॅलिफोर्नियात कितीतरी लोक आपण कुठल्याच पार्टीचे नाही असं समजून "अमेरिकन इंडिपेंडंट"वर टिक करतात, आणि ती चक्क एक वेगळी पार्टी आहे! तारीख तर त्याहून वाईट. न्यूयॉर्कमध्ये २०१६ च्या एप्रिलच्या प्रायमरीसाठी (पार्टीचा उमेदवार निवडायचं राज्यातलं मतदान) पार्टी बदलायची मुदत २०१५ च्या ऑक्टोबरमध्येच संपली होती, ट्रम्प यांच्या मुलीला आणि मुलालासुद्धा स्वतःच्या वडलांना मत देता आलं नाही. तिथला नियम नंतर सैल झाला, पण धडा तोच, प्रायमरीची तारीख बघू नका, नोंदणीची बघा. टेक्सास, व्हर्जिनियासारख्या राज्यांत पार्टी नोंदणीच नाही, तिथे राज्याचा डेलिगेट सिलेक्शन प्लॅन, म्हणजे डेलिगेट निवडायचे नियम वाचा, कंटाळा आला तरी वाचा.

कागद दोनच, डेलिगेटसाठी आपल्या उमेदवारीचा फॉर्म आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या अमुक उमेदवाराला पाठिंबा देतो अशी सही. नाव आणि पत्ता मतदार यादीत आहे तस्साच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, यादीत नसतं, आणि घर बदललं तरी यादीत जुनाच पत्ता राहतो, मग डिस्ट्रिक्टच (मतदारसंघ) वेगळा निघतो.

एवढं करूनही नाव गायब होतं, आणि लोक मला फोन करतात. कारण अर्ज केलेल्यांची यादी आधी त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या कॅम्पेनकडे जाते आणि त्यांना नावं कापायचा अधिकार आहे. २०१८ च्या सुधारणेत सुपरडेलिगेटवर एवढा काथ्याकूट झाला, ही कात्री मात्र शाबूत राहिली. कॅम्पेनमध्ये आधी फोन करायला, दारोदार फिरायला गेला असाल तर ओळख असते, नाहीतर तुम्ही त्यांच्यासाठी नुसती एक ओळ.

पुढे डिस्ट्रिक्टमध्ये तुमच्या उमेदवाराला १५ टक्के मतं नाही पडली तर तिथली जागाच मिळत नाही, आणि निवड पुरुष-बायका जवळपास निम्मे-निम्मे धरून होते, त्यामुळे जास्त मतं मिळूनही मागे राहू शकता. अधिवेशनाला जायचा विमान-हॉटेलचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा.

निवडून आलात तर सहीप्रमाणे मत द्यायची पार्टीच्या नियमांत सक्ती नाही, त्यात "सद्सद्विवेकाने" मतदारांचा कौल दाखवा एवढंच आहे. २१ जुलै २०२४ ला बायडन राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाजूला झाले तेव्हा त्यांच्या नावावर निवडून आलेले हजारो डेलिगेट एका दुपारीत मोकळे झाले, आणि दोन आठवड्यांत ऑनलाइन मतदानाने हॅरिस उमेदवार ठरल्या.

नावं कापायचा प्रकार बदलावा असं वाटत असेल तर राज्याचा डेलिगेट सिलेक्शन प्लॅन पक्का व्हायच्या आधी ३० दिवस तो लोकांच्या सूचनांसाठी खुला असतो. मागच्या खेपेला मी लिहिलं होतं, नाव कापलंत तर एका ओळीचं तरी कारण कळवा. पोच आली फक्त.