टोचून घेण्यापूर्वी: सुई, वाफ आणि दागिना यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी

कान, नाक, भुवई किंवा नाभी टोचण्याचे प्रत्यक्ष काम काही सेकंदांचे असले, तरी त्यात त्वचा भेदली जाते, रक्ताशी संबंध येतो आणि त्या जखमेत एक परकी वस्तू कित्येक महिने राहते. पिअर्सिंगविषयीच्या आरोग्य नियमांचा मुख्य रोख त्यामुळे दोनच गोष्टींवर असतो: एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये आणि आत राहणारा धातू शरीराला बाधू नये. यांतले बरेचसे पालन आपल्याला खुर्चीत बसल्या बसल्या पाहता येते. ते कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

हेपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरू शकतो. त्यामुळे डोळ्यांना लख्ख दिसणारा चिमटा सुरक्षित असेलच असे नाही. साबणाने धुतल्यावर वस्तू स्वच्छ होते आणि स्पिरिटने पुसल्यावर तिच्यावरचे बरेचसे जंतू मरतात. परंतु जिवाणूंचे बीजाणू स्पिरिटला किंवा उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. तत्त्व प्रेशर कुकरचेच आहे, फक्त येथे दाब, तापमान आणि वेळ या तिन्हींची नोंद ठेवावी लागते. दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सियसवर किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे वस्तूच्या प्रत्येक पृष्ठभागापर्यंत पोहोचावी लागते. पाकीटबंद साहित्याला, यंत्राच्या प्रकारानुसार, याहून अधिक वेळ द्यावा लागतो.

साहित्याच्या पाकिटावर एक खूण असते आणि वाफेत तिचा रंग बदलतो. पाकीट आपल्यासमोर फोडले जाण्यापूर्वी तो रंग, पाकिटावरची तारीख आणि पाकीट कोठे ओलसर वा फाटलेले नाही ना, हे जरूर पाहावे. मात्र रंग बदलला याचा अर्थ पाकीट यंत्रातून जाऊन आले, एवढाच होतो. जंतू खरोखर मेले की नाही हे बीजाणू चाचणीत कळते. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट असलेल्या जिवाणूचे बीजाणू यंत्रात घालून, नंतर ते वाढतात का हे त्या चाचणीत तपासले जाते. एकदा आमच्या यंत्राच्या दाराचे रबर झिजले होते. खुणांचा रंग नेहमीप्रमाणे बदलत होता, पण चाचणी नापास झाली. सुया कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन येत असल्याने त्यांचा प्रश्न नव्हता. चिमट्यांचा मात्र होता, म्हणून आधीच्या यशस्वी चाचणीनंतर ज्यांना टोचले होते त्या सर्वांना आम्ही फोन करून कळवले. तो दिवस आमच्यासाठी सुखाचा नव्हता, पण चाचणीची वही ठेवायची ती याचसाठी. ती वही पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये.

सुई पोकळ, एकदाच वापरायची आणि आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. काम होताच ती सहज न भोसकल्या जाणाऱ्या, बंद डब्यात जाते. हातमोजे घालण्यापूर्वी हात धुतले जातात, आणि मोजे घातलेल्या हाताने कोणी फोन उचलला किंवा खुर्ची सरकवली, तर ते मोजे बदललेच पाहिजेत. आमच्याकडून असे चुकून राहिले, तर आपण आम्हाला बेलाशक टोकावे.

स्प्रिंगच्या बंदुकीने टोचून द्यावे, अशी मागणी अजूनही होते. ते आम्ही करत नाही. अशा बहुतेक बंदुकांचा प्लास्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही. शिवाय ती धारदार सुईने छेद घेण्याऐवजी कानातल्याचे बोथट टोक जोराने मांसात घुसवते. कानाच्या वरच्या भागातील कूर्चेला हा मार फार महागात पडू शकतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून होते. तेथे संसर्ग होऊन पू साठला, तर आवरण सुटून कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

दागिन्याच्या बाबतीत निकेल हा मुख्य शत्रू आहे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये त्यावर निर्बंध आणले. तेथील आजच्या नियमानुसार टोचलेल्या छिद्रात राहणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटावे लागते, तर नुसते त्वचेला लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी ही मर्यादा ०.५ आहे. ताज्या जखमेसाठी आम्ही एएसटीएम एफ-१३६ प्रतीचे, म्हणजे शरीरात बसवल्या जाणाऱ्या इम्प्लांटसाठी वापरतात ते टायटॅनियमच देतो. ‘सर्जिकल स्टील’ हे शब्द ऐकायला भारदस्त असले, तरी प्रतीचा क्रमांक सांगितल्याशिवाय त्यांना फारसा अर्थ नाही.

टोचण्यापूर्वी आपल्याकडून एक अर्ज भरून घेतला जातो. त्यात मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, हृदयाच्या झडपांचे विकार, गर्भारपण, धातूंची ॲलर्जी आणि व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती यांविषयी विचारलेले असते. उत्तर होकारार्थी असले म्हणजे नकारच मिळेल असे नाही. कित्येकदा डॉक्टरांचा सल्ला घेऊन येणे पुरेसे होते. मद्यपान केलेल्या व्यक्तीला आम्ही परत पाठवतो. वयाबाबतचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. वेल्समध्ये २०१८ पासून १८ वर्षांखालील व्यक्तीच्या गुप्तांगांचे, स्तनाग्रांचे आणि जिभेचेही पिअर्सिंग करण्यास, पालकांची संमती असली तरीही, मनाई आहे. आम्हीही हीच मर्यादा पाळतो.

घरी गेल्यावर ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने दिवसातून दोनदा जखम स्वच्छ करावी. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा हळद लावू नये आणि दागिना फिरवत बसू नये. पांढुरकी-पिवळट खपली धरणे स्वाभाविक आहे. लाली पसरत जाणे, ठणका, हिरवट पू किंवा ताप ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे जावे आणि तोवर दागिना काढू नये, कारण छिद्र मिटल्यास पू आत कोंडला जातो. कानाची पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. कूर्चेला आणि नाभीला ६ ते १२ महिने लागू शकतात.

सूज येणार हे गृहीत धरून आम्ही सुरुवातीला थोडी लांब दांडी बसवतो. सूज उतरल्यावर, म्हणजे बहुधा ४ ते ८ आठवड्यांनी, ती बदलून आखूड घालावी लागते, अन्यथा ती केसांत आणि कपड्यांत अडकून छिद्र तिरपे होते. या भेटीला येताना आपल्या नोंदीचे कार्ड सोबत आणावे. दांडीची लांबी, जाडी आणि बॅच क्रमांक त्यावरच लिहिलेले असतात.